हप्ता आपला

६ जानेवारी २०२५, सोमवार

नवी वही. शाळेनं फुकट वाटली. मुखपृष्ठावर छापलं आहे ‘दैनंदिनि’. शेवटची वेलांटी ऱ्हस्व. तीनशे वह्या छापून आल्या आणि एकाही शिक्षकाला दिसलं नाही. मी नववी-दहावीला मराठी शिकवतो, मला दिसलं. मुख्याध्यापकांना सांगितलं तर म्हणाले, “पंकज सर, फुकट आहे न.” ह्या गावात फुकटच्या वस्तूला व्याकरण लागत नाही.

वही उघडली ती घरासाठी. काल मनीषनगरच्या फ्लॅटचं टोकन दिलं, एक्कावन्न हजार. तिसरा मजला, दोन बेडरूम आणि खाली गाडीला छप्पर. एकूण बेचाळीस लाख. नऊ माझ्याजवळ आहेत, तेहतीस बँकेकडून. अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत बँकेचं मंजुरीपत्र आणलं नाही तर फ्लॅट दुसऱ्याला आणि टोकन बिल्डरच्या खिशात. हे त्यानं हसत हसत सांगितलं. त्याचे दात मोजून ठेवले आहेत.

नागपूरच्या ह्या महाल भागात आता राहवत नाही. आमच्या गल्लीत समोरासमोर दोन स्कूटर आल्या की एकीला मागे जावं लागतं. गाडी घरापर्यंत येतच नाही. ती मैदानाजवळच्या आवारात उभी असते, महिना आठशे रुपये भाडं, तेही माझ्या खिशातून, तीन वर्षं. शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे गाडी बहुतेक धूळ खाते. रोशनीला म्हटलं, नव्या घरी गाडी डोळ्यांसमोर राहील. ती साडीला फॉल लावत होती. “बरं,” म्हणाली. तिचं हे ‘बरं’ मला सात जन्म कळायचं नाही.

८ जानेवारी, बुधवार

बँकेत गेलो. गृहकर्जाच्या टेबलावर वेदिका नावाची पंचविशीतली पोरगी. माझा पगार हातात येतो अठ्ठावन्न हजार. तिनं यंत्रावर बोटं आपटली आणि म्हणाली, “सर, तुमचा गाडीचा हप्ता आडवा येऊन राहिला.”

बँक म्हणे पगारातला निम्माच भाग हप्त्यांसाठी धरते. एकोणतीस हजार. त्यातले साडेतेरा गाडीचे. उरलेल्या साडेपंधरात अठरा लाख कर्ज बसतं. मला हवेत तेहतीस. “गाडीचं कर्ज आधी थोडं फेडून टाका सर, मग पाहू. किती हप्ते राहिले तिचे?”

म्हटलं, ते माझं मी पाहीन. मुलाखत द्यायला आलो नव्हतो.

आता ह्यातली गंमत अशी की तो हप्ता मी भरतच नाही. तो माझे सासरे बाबूलाल भरतात. दर महिन्याच्या तीन तारखेला उमरेडहून साडेतेरा हजार माझ्या खात्यात येतात, पाच तारखेला बँक कापून घेते. मी मधला नळ.

फेब्रुवारी बावीसमध्ये लग्न झालं तेव्हा त्यांनी भर मांडवात, आठशे माणसांसमोर, किल्लीला लाल रिबीन बांधून माझ्या हातात दिली. फोटो आहे. गाडी नऊ लाखांची. अडीच त्यांनी रोख भरले, साडेसहाचं कर्ज माझ्या नावावर, कारण त्यांच्याकडे पगाराची चिठ्ठी नाही. तेव्हा म्हणाले होते, “गाडी तुमची, हप्ता आपला.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हुंडा मी घेतलेला नाही. हे लिहून ठेवतो, कारण लोकांची तोंडं वाईट असतात. बैठकीत माझ्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं की एक रुपया नको. फक्त मुलगा शिक्षक आहे, उन्हातान्हात पायी जावं लागतं, एवढंच म्हणाले. बाकी सासऱ्यांनी आपखुशीनं केलं.

पण बँकेला हे कसं सांगू? सांगितलं तर विचारतील, सासरे का भरतात. न सांगावं तर हप्ता माझा धरतात. ज्या हप्त्याला मी कधी हात लावला नाही, तो माझं घर खातो आहे. रोशनीला म्हटलं, तुझ्या बाबांनी माझी पत खाल्ली. ती म्हणाली, “मंग गाडी विकून टाका न. सारंच मिटते.”

सासऱ्यांनी मांडवात दिलेली वस्तू विकायची असते का? एवढं साधं शहाणपण त्या घरात कोणी शिकवलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

उमरेडला जाऊन आलो. गाडीनं गेलो, पेट्रोल माझं.

सासरे चौसष्टचे आहेत. अर्धं आयुष्य हातमागावर साड्या विणल्या, मग काम आटलं. आता पहाटेच्या बसनं नागपूरला येतात आणि गांधीबागेत एका ठोक कापडवाल्याकडे दिवसभर कापड मोजतात. पुढे दोन खोल्या, मागे एक. मला खुर्ची दिली, स्वतः खाली बसले. सासूबाई जनाबाई पोहे घेऊन आल्या. थंड होते.

मी सरळ मुद्द्यावर आलो. गाडीचे तीन लाख अठरा हजार बाकी आहेत, एकदम भरून टाका, माझं घर अडलं आहे.

ते म्हणाले, “जवाईबापू, मी तवा आपला म्हनलं, म्हंजे आपल्या दोघाचा. सुरवातीले मी भरीन, मंग हळूहळू तुमी सांभाळसान, असं होतं माह्या मनात. मले बोलता नाई आलं.”

तीन वर्षांनी ही पळवाट. मी त्यांना नीट समजावलं. वाक्यात आधी ‘तुमची’ आलं आहे. गाडी तुमची. त्याच्या विरोधात लगेच ‘आपला’. म्हणजे जे तुमचं नाही ते आपलं. बोलणाऱ्याचं. इथे ‘आपला’ म्हणजे ‘माझा’, दुसरा अर्थ निघूच शकत नाही. दहावीचं पोरगंही सांगेल. सर्वनामाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये.

ते हात जोडून ऐकत होते. “तुमी शिकेल मानूस. तुमी म्हनता तं तसंच असन.”

रोशनी सगळा वेळ मागच्या खोलीच्या दारात कसल्याशा लाकडी सांगाड्याला टेकून उभी होती. एकदाही माझ्या बाजूनं बोलली नाही. बायको म्हणजे काय शोभेची असते का? येताना उमरेडच्या नाक्यावर मी खड्डा चुकवायला गेलो तर म्हणाली, “गिअर खाली घ्या.” गाडीतलं हिला काय कळतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. कोणाशी गोड बोलावंसं वाटलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

सासऱ्यांचा मोबाईलवर निरोप. जसाच्या तसा उतरवतो:

‘जवाईबापू एक लाख पंच्यांशी हजार झाले. मागाची खोली इकली नत्थूले. बँकेत भरून देतो.’

संबोधनानंतर स्वल्पविराम नाही. ‘इकली’ म्हणजे विकली. आणि ‘मागाची’! मागची खोली एवढंही लिहिता येत नाही. नत्थू म्हणजे त्यांचा शेजारी, तांदळाचा व्यापार करतो, त्याला गोदाम हवंच होतं.

रोशनीला दाखवलं, म्हटलं, वाच तुझ्या बाबांची मराठी. तिनं बराच वेळ हातात धरून वाचलं. तीन ओळी वाचायला इतका वेळ. मग म्हणाली, “बरोबर लिहिलं आहे त्यायनं.”

बापाच्या चुकाही हिला बरोबर दिसतात. खोली विकली तर विकली. रिकामी तर होती, तो एक लाकडी सांगाडा सोडला तर त्यात होतं काय? पूर्ण तीन लाख अठरा द्यायला मात्र जड गेलं. माणसाला अर्धवट कामाची सवय असली की असं होतं.

२७ जानेवारी, सोमवार

गाडीच्या कर्जाचा फॉर्म आणला. त्यात शेवटी दोन चौकोन आहेत. आगाऊ रक्कम भरल्यावर ‘हप्ता कमी करा’ किंवा ‘मुदत कमी करा’. एकावर खूण करायची.

मी सगळं मांडून पाहिलं. हप्ता कमी केला तर साडेतेराचा सहा हजारांच्या आसपास येतो. मग बँक मला सव्वीस लाख देईल. वरचे सात कुठून आणायचे ते नंतर पाहू. उमरेडला अजून पुढच्या दोन खोल्या आहेत.

दहावीची पूर्वपरीक्षा चालू आहे, मला सुट्टी नाही. सही करून फॉर्म रोशनीकडे दिला. ती आणि सासरे दुपारी जाऊन पैसे भरतील. तिला दोनदा सांगितलं, हप्ता. पहिला चौकोन.

“त्या वेदिका मॅडमले एकदा फोन करून विचारू का?”

काही गरज नाही म्हटलं. फॉर्म मराठीत आहे आणि मी मराठी शिकवतो.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज बँकेचा निरोप आला. हप्ता पूर्वीइतकाच, तेरा हजार चारशे त्र्याण्णव. राहिलेले हप्ते सव्वीसवरून अकरा.

खूण दुसऱ्या चौकोनात.

मी ओरडलो. “तुले अक्कल आहे का वं? काहून केलं असं?” माझ्या तोंडून ‘तुले’ आणि ‘काहून’ निघालं. बारा वर्षं फळ्यासमोर उभा राहून जी भाषा घासूनपुसून नीट केली, ती ह्या बाईपायी बिघडते.

ती म्हणाली, “अजून सव्वीस महिने बाबा पहाटच्या बसनं येतीन का? अकरा तरी जमतीन.”

म्हणजे बापाला सोडवण्यासाठी माझं घर बुडवलं. हप्ता तेवढाच, म्हणजे बँकेच्या लेखी माझा बोजा तेवढाच, कर्ज पुन्हा अठरा लाख. एक लाख पंच्याऐंशी हजारांची माती. मी म्हटलं, तुझ्या बापानं खोली विकली ती माझ्यासाठी नाही, स्वतःच्या सुटकेसाठी विकली. ताट लोटलं. वरण फरशीवर गेलं. ती आत निघून गेली. तासभर वाट पाहिली, शेवटी मीच पुसलं, कारण मुंग्या येतात.

मला आज मनापासून वाटलं की लग्न चुकलं. लिहून ठेवतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

परवा उमरेडचे साडेतेरा हजार वेळेवर आले. म्हणजे ऐपत आहे, नुसतं रडगाणं.

रोशनी जेवढ्यास तेवढं बोलते. भाजी काय, दूध किती. दुपारी शाळेतून मधल्या सुट्टीत घरी डोकावलो तर कुलूप. शेजारच्या पार्वतीबाई म्हणाल्या, रोज दुपारी तासभर कुठेतरी जाते. फॉलच्या साड्या पोचवायला जात असेल. विचारलं नाही. विचारलं की हिच्या तोंडाला भाव येतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तिसऱ्या तासाला वेदिकाचा फोन. वर्गाबाहेर येऊन घेतला.

“सर, काम झालं. बाराच्या आत हप्ते राहिले असले तर ते कर्ज आम्ही मोजतच नाही. तुमचे आता दहा राहिले न. तेहतीस लाख बसून राहिले.”

ती पुढे म्हणाली, “मॅडमनं फोन केला होता न मले, तवाच मी सांगितलं होतं, हप्ता कमी नका करू, मुदत कमी करा.”

मी म्हटलं, हो, आमचं तसं ठरलंच होतं.

स्टाफरूममध्ये पेढे वाटले. सगळ्यांना समजावून सांगितलं, लोक हप्ता कमी करायच्या मागे लागतात, खरी मेख मुदतीत आहे. विज्ञानाच्या गार्गी मॅडमनी वहीत उतरवून घेतलं.

रोशनीला घरी येऊन सांगितलं, चुकून का होईना, झालं काम. ती म्हणाली, “चुकून नाई झालं.” वाद घातला नाही. आनंदाच्या दिवशी कोण तोंड लावणार.

वेदिकानं आणखी एक सांगितलं. कर्जात बाई सहअर्जदार असली तर व्याज शेकडा पाच पैशांनी कमी लागतं. वीस वर्षांत पंचवीस हजार वाचतात. सोमवारी रोशनीला घेऊन जातो. सही करायला अक्कल लागत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जे झालं ते क्रमानं लिहितो.

साडेअकराला बँकेत पोचलो. काचेची खोली. वेदिका, मी, रोशनी. मंजुरीपत्र छापायचंच बाकी होतं. वेदिकानं माझ्या खात्याचा वर्षभराचा उतारा पुढे ओढला आणि पेननं ओळी दाखवत म्हणाली, “सर, एकच विचारायचं राहिलं. हे दर तीन तारखेचे साडेतेरा हजार, बाबूलाल म्हणून. हे कशाचे? वरून विचारून राहिले.”

मी तयारीत नव्हतो. पण शिक्षकाला उत्तर सुचतं. म्हटलं, “सासरे आहेत. माझ्याकडून उसने घेतले होते. थोडे थोडे फेडत आहेत.”

वेदिका लिहायला लागली. तेवढ्यात रोशनी बोलली. मोठ्यानं नाही. दुकानात भाव सांगतात तशा आवाजात.

“हुंडा होय तो. माहे बाबा हप्त्यानं देऊन राहिले.”

वेदिकाचं पेन थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, रोशनीकडे पाहिलं. “मॅडम, हे मी लिहू का?”

“लिहा.”

मी म्हटलं, तिची तब्येत बरी नसते. रोशनी म्हणाली, “माही तब्येत चांगली आहे. माह्या बापानं कोणाचे उसने घेतले नाईत. तीन वर्षं देल्ले, मागाची खोली देल्ली, माग काढून भंगारात टाकला. एवढं करून तुमी त्यालेच कर्जदार केलं. दुसरं काहीही म्हनले असते तं मी चूप बसली असती.”

काचेपलीकडे रांगेतली माणसं पाहत होती. त्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील होते.

वेदिकानं पेनला टोपण लावलं. म्हणाली, तिनं काही लिहिलेलं नाही. पण फाइल अशी वर जाणार नाही. ह्या जमेचं लेखी स्पष्टीकरण हवं, दोघांच्या सहीनं, अठ्ठावीसच्या आत. “भेट असेल तर भेट लिहा सर. मॅडमची सही मात्र पाहिजे.” मी म्हटलं, सहअर्जदार नकोच, माझ्या एकट्याच्या नावावर करा. ती म्हणाली, “आता नाही होत सर. मी ऐकलं आहे.”

पाच पैशांसाठी हिला घेऊन गेलो होतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

स्पष्टीकरण लिहिलं. ‘सदर रक्कम माझे सासरे श्री. बाबूलाल यांनी मला प्रेमापोटी दरमहा भेट म्हणून दिली.’ निर्दोष वाक्य. टेबलावर पेनसकट ठेवलं. संध्याकाळी पाहिलं तर त्यावर चिमटा आणि साडीची पावती ठेवलेली. सही नाही.

विचारलं, भेट नाही तर काय? पोरीला बाप भेट देत नाही का?

“पोरीले देतो न. मले कुठं देल्ली?”

शब्दात पकडायची सवय हिला माझ्यामुळे लागली. सासऱ्यांना फोन केला. म्हटलं, येऊन तुमच्या पोरीला समजवा, नाहीतर तुम्ही जाणा आणि ती जाणे.

२३ फेब्रुवारी, रविवार

सासरे आले. पांढरा सदरा, धुतलेला पायजमा, बसची धूळ. रविवार त्यांचा एकच सुट्टीचा दिवस, असं रोशनी मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. मी चहा कर म्हटलं, तर म्हणाली, झाला आहे, आणि कप त्यांना दिला. मला नाही.

त्यांनी तिला बरंच समजावलं. “असं बँकीत बोलत नसते वं माय. तुहं घर होऊन राहिलं. सही करून दे.”

“करते न बाबा. खरं लिहा म्हना, आत्ता करते.”

मग ते माझ्याकडे वळले. हात जोडले. “जवाईबापू, पोरगी आहे, बोलून गेली. मनावर नका घेऊ. बाकी दहा हप्ते हायेत न, ते मी भरतोच. हप्ता आपलाच आहे.”

मी म्हटलं, ठीक आहे. मोठ्या माणसानं माफी मागितल्यावर मी ताणत नाही. मला वाटलं, आता संपलं.

रोशनीनं खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली. म्हणाली, “चाला बाबा, उमरेडले सोडून देते तुमाले.” पिशवी आधीच भरलेली होती. फॉल-पिकोचं मशीन खोक्यात बांधलेलं होतं, ते तिनं स्वतः उचललं. मी म्हटलं, कोण चालवणार? दोघं निघाले. मी मागे मागे मैदानापर्यंत गेलो. तोपर्यंत मला खरंच वाटत होतं की ती नाटक करते आहे.

तिनं मशीन मागे ठेवलं, सासऱ्यांना पुढे बसवून पट्टा लावून दिला, आरसा नीट केला. एका बाजूला विटांचा ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूला ऑटो. मी तिथून गाडी काढताना दोनदा घासली आहे. तिनं एका दमात मागे घेतली आणि निघून गेली.

पार्किंगवाला म्हणाला, “म्याडमचा हात साफ आहे सर. सहा महिने झाले, रोज दुपारी चालवते न. तुमाले माहीत नाई?”

म्हटलं, माहीत आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पोलिसांत जाणार होतो. गाडी माझ्या नावावर आहे. पण तिथेही पहिला प्रश्न तोच येईल, गाडी घेतली कशी. अर्ध्या रस्त्यातून परत आलो.

उमरेडला फोन केला. सासूबाईंनी उचलला. रोशनी शेजारच्यांच्या साड्या घेऊन बसली आहे, म्हणाल्या, आणि सकाळी बाबाला बसस्टँडवर सोडून आली. त्या आनंदात असाव्यात असा आवाज होता. मी ठेवून दिला.

रोशनीचा एकच निरोप आला: ‘खरं लिहून पाठवा. सही करून लगेच आणून देते. फ्लॅट तुमालेच राहू द्या.’ ‘तुमालेच’ असं लिहिलं आहे. बी.कॉम. झालेली बाई.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन. सभागृहात माझं भाषण. मी म्हणालो, मुलांनो, शब्द जपून वापरा, एका शब्दानं अर्थाचा अनर्थ होतो. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत ते पालक बसले होते, बँकेत दिसलेले. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, मोबाईल पाहत होते. भाषण मधेच आटोपतं घेतलं.

दुपारी बिल्डर. “सर, उद्या सहापर्यंत थांबतो.”

संध्याकाळी कागद घेऊन बसलो. ‘पाठवली’ लिहिलं. कशाबद्दल पाठवली, हे वेदिका विचारणार. ‘दिली’. भेट म्हणून दिली असं म्हटलं की सही नाही. ‘मिळाली’. आभाळातून का? ‘जमा झाली’. आपोआप? मराठीत क्रियापदांना तोटा नाही आणि मला एक सापडत नाही. ती सही करेल असं वाक्य बँकेत दिलं तर नोकरी जाते. न दिलं तर घर.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चार वाजता वेदिकाचा फोन आला. म्हटलं, फाइल परत पाठवा. ती “बरं सर” म्हणाली. सहाला बिल्डरनं कळवलं, फ्लॅट गेला, टोकन परत मिळणार नाही, पावतीवर लिहिलेलं आहे. वाचलं, खरंच लिहिलेलं आहे, आणि बिनचूक.

घरात आज स्वयंपाक नाही. पाच तारखेला साडेतेरा हजार जातील. तीनला येतील का नाही, माहीत नाही. बहुतेक नाही. गाडी उमरेडला आहे आणि दहा हप्ते इथे आहेत.

वाक्य तसं मला काल रात्रीच सापडलं होतं. कर्ता बदलला की सरळ होतं. सासऱ्यांना कर्ता करून मी उगाच दोन दिवस घालवले. इथे उतरवतो, इथे कोणाची सही लागत नाही.

‘सदर रक्कम मी हुंडा म्हणून दरमहा घेतली.’

तीनदा वाचलं. कुठे काना नाही की मात्रा नाही चुकलेली. रोशनीनं लगेच सही केली असती.

हे पान फाडून टाकणार होतो, पण पाठीमागे हप्त्यांचा हिशोब आहे.